पाच वाजता बंद

मोखोत्लोंगच्या वर, जिथे रस्ता
घोड्यांना विचारून वळतो,
तिथल्या हायस्कूलचा मी रात्रीचा राखणदार.
माझ्या ताब्यात एक काठी, एक बॅटरी, सतरा किल्ल्या
आणि ऑफिसातल्या कपाटावरचा तो पांढरा डबा,
हिरवे डोळे मिचकावणारा.
मुख्याध्यापिकाबाईंचा हुकूम आहे:
पाच वाजता बंद.
बिल शाळेच्या नावावर येतं, न्ताते मोलेफी,
गावाच्या नाही.

बरोबर आहे त्यांचं.
बिल मी पाहिलंय. शेवटचा आकडा
कागदाच्या काठाला टेकलेला.

पण साडेचारपासूनच कुंपणापलीकडे
घोंगड्या येऊन बसतात.
आधी वाटलं, मेंढपाळ असतील.
मग एकेका घोंगडीच्या आत
निळसर उजेड लागला,
पोरांनी शेगडी पोटाशी धरावी तसा.
ऊब मात्र नाही त्याला.

अकरावीची दिएकेत्सेंग. फोन मावशीचा,
काच चिकटपट्टीनं सांधलेली,
सातला परत द्यायचा.
खोत्सोकडे फोन आहे, चार्ज नाही.
आणि लोहाराच्या जुळ्यांत
फोन एक, परीक्षा दोन:
एक वाचतो तेव्हा दुसरा
त्याच्या तोंडाकडे बघत बसतो
चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसा.

दुकानात डेटा मिळतो. मिळतो ना.
तंबाखूसारखा, पुडीपुडीनं.
पाच मलोटीची पुडी एका धड्याला पुरते,
धड्यात चित्रं असली तर अर्ध्यालाच.

मार्चात मासेरूहून साहेब आले होते.
शंभर पोरांत अकरा टॅबलेट दिले.
फोटोपुरते सगळ्यांचे हात पोचले.
भाषणात म्हणाले, आता डोंगर आणि शहर
एका रेषेत आले.
मी मागे उभा होतो, खुर्च्या मोजत.
रेष मला ठाऊक आहे:
तारेपासून नऊ पावलं.
त्यापुढे डब्याचा आवाज पोचत नाही.
बसून बसून, गवत झिजवून
पोरांनीच ती आखलीय.

जूनमध्ये बर्फ पडलं.
म्हटलं, आज कुणी फिरकत नाही.
सात घोंगड्या.
दिएकेत्सेंग नाकाच्या शेंड्यानं काच दाबत होती,
बोटं चालेनात म्हणून.
न्ताते, ब्याऐंशी टक्के आलंय, म्हणाली,
अजून थोडंच.
कशाचे ब्याऐंशी, मी विचारलं नाही.
माझी शाळा पाचवीत सुटली;
टक्के म्हटलं की मला लोकरीतली घट आठवते.

पाच कधीच वाजून गेले होते.
आत गेलो. बटणावर बोट ठेवलं.
बोट गार, बटण गार.
हुकूम बंद करण्याबद्दल आहे,
डबा कुठे ठेवावा याबद्दल नाही,
असं काहीतरी मनाशी म्हणत
तो तारेसकट उचलून खिडकीत ठेवला.
आणि बंद करायचा विसरलो.
वय झालंय माझं, विसरतो.

रोजनाम्यात लिहिलं:
रात्र शांत. बर्फ. विशेष काही नाही.

सकाळी बाईंनी खिडकीतला डबा पाहिला,
मग मला,
मग बाहेर तुडवलेलं बर्फ.
बसल्याच्या खुणा पार पंधराव्या पावलापर्यंत.
बराच वेळ त्या हातमोजे काढत राहिल्या.
म्हणाल्या, खिडकीवर पत्रा ठोकून घ्या,
पाणी गेलं तर डबा जळेल.

बिल महिनाअखेरीला येईल. तेव्हा बघू.

मला झोप लागत नाही ती वेगळ्याच हिशेबानं.
नदीपलीकडून शाळेला चौदा पोरं येतात.
अंधार पडायच्या आत त्यांना उतार गाठावा लागतो.
त्यांची घोंगडी मी कुंपणाशी
एकदाही पाहिली नाही.
डबा उचलून मी कुठवर नेणार?
तार संपते खिडकीशी.